सहाव्या राऊंडचा काठ

भरमू तिसऱ्यांदा पाण्यात पडला आणि खोलीत हशा पिकला.

"मगर पण ओळखाय लागली असंल आता तुला," विलास खोत म्हणाला. "रोजचं गिऱ्हाईक आलं म्हणती."

भरमूनं रिमोट गुडघ्यावर ठेवला, तळवे पँटला पुसले आणि परत हातात घेतला. टीव्ही गेमच्या हँडलला आमच्या गावात रिमोटच म्हणतात. चौथ्यांदाही तेच झालं. पडद्यावरचा नावाडी डोक्यावर घागर घेऊन दोन फळ्या चालला, तिसरी फळी नव्हतीच, आणि भरमूनं उडी मारली नाही. नावाडी सरळ पाण्यात.

"उडी मार की लेका!" मागनं कोणीतरी ओरडलं.

"उडी लागत न्हाई हितं," भरमू पडद्याकडं बघत म्हणाला. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. "सारिका, तू कायतरी चुकलीयास."

मला राग आला. माझ्या डोक्यात तेव्हा अडीच वर्षांच्या कष्टाची नशा होती, हे आधी सांगायला हवं.

ही २०१६च्या एप्रिलमधली, रविवारच्या दुपारची गोष्ट. गाव इचलकरंजी, घर आमचंच, आणि खोली तीच, जिथं १९९१पासून आठ वर्षं आमच्या आप्पांचं व्हिडिओ गेम पार्लर चाललं. त्या पार्लरचा राजा म्हणजे एक कपाटाएवढं मशीन. गेमचं नाव जपानी लिपीत होतं. ते वाचण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही, सगळं गाव त्याला ‘मगर’ म्हणायचं. नावाड्यानं घागर घेऊन फळ्याफळ्यांवरून नदी पार करायची, मधल्या मगरी चुकवायच्या. असे सहा राऊंड. सहावा पार केला की परत पहिला, पण जास्त वेगानं.

पार्लर बंद पडलं, मशीन भंगारात गेलं. घरी टीव्हीला जोडायच्या त्या जुन्या आठ बिटांच्या गेमसाठी कंपनीनं ‘मगर’ची कॅसेट कधी काढलीच नाही. ती मी काढली. पुण्यात नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार खर्ची घालून. मोठ्या मशीनचा गेम त्या चिमुकल्या यंत्रात बसवायचा म्हणजे दुहेरी गादी कडबोळ्याच्या डब्यात भरण्यासारखं. एका ओळीत आठाहून जास्त हलती चित्रं आली की ती लुकलुकायला लागतात. म्हणून मगरींच्या रांगा मी अशा हलवल्या की आठाचा आकडा कधी ओलांडायचाच नाही. सगळा गेम चाळीस केबीत बसवला. मोबाइलवरच्या एका फोटोच्या जागेत असे पन्नास गेम मावतील.

आणि हे आंधळेपणानं केलं नव्हतं. मूळ मशीनच्या चिपांतला मजकूर जगभरातल्या हौशी लोकांनी जपून ठेवलेला आहे. तो समोर ठेवून मी सहाही राऊंड चौकट न् चौकट जुळवले होते. डेन्मार्कचे हेन्रिक नावाचे एक निवृत्त गृहस्थ असल्या कॅसेटी तपासतात. त्यांनीही कळवलं होतं, एकही चौकट इकडची तिकडे नाही. त्या तोऱ्यात मी कॅसेटवरच्या स्टिकरवर छापून घेतलं, ‘मूळ गेमशी तंतोतंत’.

आता भरमूचं. भरमगोंडा चौगुले. शाळा सोडून पंधराव्या वर्षी मागावर लागला, रात्रपाळी करायचा आणि दुपारी पार्लरमध्ये यायचा. त्या वेळी बाकीची पोरं शाळेत असायची. त्यांच्यातले बहुतेक चौथ्या राऊंडच्या पुढं कधी गेले नाहीत. एखादा चुकून सहाव्यापर्यंत पोचलाच तर पोचल्या पोचल्या मरायचा. भरमू मात्र सांगायचा, ‘सहावा राऊंड मी एकपण उडी न मारता पार करायचो.’ तेव्हा सगळ्यांनी ते कौतुकानं ऐकून घेतलं.

पुढं पार्लरच्या जुन्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. विलासनं कुठल्याशा परदेशी माणसाचा व्हिडिओ शोधून त्यावर टाकला. मूळ गेमच्या सहाव्या राऊंडात फळ्यांच्या मध्ये मोठमोठी खिंडारं होती. उडीशिवाय पार होणं शक्यच नव्हतं. त्या दिवसापासून भरमू ‘बिनउडी भरमू’ झाला. तो शाळेची व्हॅन चालवायचा. हे नाव व्हॅनमधल्या पोरांपर्यंत पोचलं, बायकोच्या भिशीतही पोचलं. दोन वर्षं त्यानं ते ऐकून घेतलं. मी गेम बनवतेय हे कळल्यावर त्यानं पुण्याला फोन केला होता. "झाला की बोलव. सगळ्यांच्या म्होरं खेळून दाखवतो. मग बघू कोण खोटं ते."

म्हणून ही दुपार. जुना फुगीर काचेचा टीव्ही, समोर चाळिशी गाठलेले सात बाप्ये मांडी घालून बसलेले, कॉटवर आप्पा. आणि भरमू चार वेळा पाण्यात.

"भरमूदादा," मी म्हणाले, "एक एक चौकट तपासलीय. चूक माझ्यात नाही."

हे वाक्य मी कसल्या सुरात बोलले ते मला अजून आठवतं. वर्गात चुकलेल्या मुलाला बाई बोलतात ना, तसल्या.

भरमूनं रिमोट जमिनीवर ठेवला, सावकाश, वायर नीट गुंडाळून. "बरं," म्हणाला. "मग मीच खोटं असणार." उठला आणि उंबऱ्यापाशी जाऊन चपला पायात सरकवायला लागला. आता कोणी हसत नव्हतं. आप्पा तर आधीपासूनच हसले नव्हते, पण तेव्हा माझं तिकडं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात आई भडंगाची परात घेऊन आतून आली. परात खाली ठेवता ठेवता तिनं टीव्हीकडं बघितलं आणि वाकल्या वाकल्याच थांबली.

"हा कुठला राऊंड?"

"सहावा, काकू," विलास म्हणाला.

"सहावा असा नव्हता."

"आई, तू आत जा बरं," मी म्हणाले.

"असा नव्हता गं. ह्यात सगळी भोकंच भोकं हाईत."

विलासला हसू आवरेना. "काकू, तुम्ही कवा खेळलासा?"

"खेळलो न्हाई कधी," आई म्हणाली. आमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. "खेळलो न्हाई. काढलाय."

"काय काढलाय?"

"सहावा राऊंड. मी काढलाय तो."

सगळे आप्पांकडं बघायला लागले. आप्पा सत्तर वर्षांचे. उभ्या आयुष्यात रेडिओ, टीव्ही, मिक्सर काय वाटेल ते दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"खरं हाय ती म्हणती ते," ते म्हणाले. "बस भरमू. जाऊ नको. तुझ्यापाशी बोलायचं राहिलंय माझं."

भरमू एका पायात चप्पल, एक पाय मोकळा, असाच उंबऱ्यावर बसला.

ते साल त्र्याण्णव. मशीन बेळगावच्या एका डीलरचं होतं, आमच्याकडं भाड्यावर. उंदरांनी आत घाण केली म्हणून आप्पांनी बोर्ड बाहेर काढला, थिनरनं धुतला. चिपांवर कागदाचे मळके तुकडे चिकटवलेले होते. धूळ बसू नये म्हणून असतील असं त्यांना वाटलं. ते खरवडायला गेले. एकच निघाला, बाकीचे घट्ट बसले होते म्हणून सोडून दिले. बोर्ड वाळायला गच्चीवर ठेवला आणि आम्ही सगळे गोकाकला मावशीच्या लग्नाला गेलो. आठ दिवस. एप्रिलचं ऊन.

"त्या चिपेला वर बारकी काच असती," आप्पा म्हणाले. "काचंतनं ऊन आत गेलं की लिहिलेलं पुसून जातंय. कागद त्याच्यासाठी हुता. मला काय ठावं? परत आलो, मशीन लावलं, पाच राऊंड झ्याक चालले. सहावा लागला तर नुसतं निळं पाणी. फळी न्हाई, मगर न्हाई."

डीलरला कळलं असतं तर मशीन गेलं असतं आणि मशीनबरोबर पार्लर. दुसरी चिप कोणाकडं नव्हती. फौंड्रीत सीएनसी मशिनं सांभाळणारा एक मित्र होता, त्याच्याकडं चिपेवर लिहायचं यंत्र होतं. पण लिहायचं काय? मित्रानं पाचव्या राऊंडची चिप वाचून आकडे कागदावर छापून दिले. शून्य, एक, दोन, नुसते आकडे, पानंच्या पानं.

"तीन दिवस हे त्या कागदाकडं बघत बसलेले," आई म्हणाली. "जेवायचं भान न्हाई. मी डोकावलो. म्हटलं, अवो, हे तर खुंट्यांचं हाय की."

इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला एवढं पुरतं. बाकीच्यांसाठी सांगते. साडीचा नक्षीचा काठ विणायचा तर आधी तो चौकटीच्या कागदावर काढतात. भरलेली चौकट म्हणजे खुंटी, रिकामी म्हणजे मोकळं भोक. त्या हिशेबानं लाकडी पट्ट्यांत खुंट्या ठोकायच्या आणि पट्ट्यांची माळ मागावर चढवायची. माग एकेक पट्टी चाचपत जातो आणि काठ उमटत जातो. आई लग्नाआधीपासून असली डिझाईनं काढायची. आसपासच्या किती मागांवर तिचे काठ चालले त्याचा हिशेब तिच्यापाशीसुद्धा नाही.

"शून्य म्हंजे पाणी, एक म्हंजे फळी, दोन म्हंजे मगर," ती म्हणाली. "पाचवा कसा काढलाय ते बघितलं आणि तसाच सहावा काढला. ह्यांनी आकडे चिपंवर घातले. कुणाला बोलायचं न्हाई म्हणाले, म्हणून बोललो न्हाई."

"मुंबईवरनं पार्ट आणला म्हणून सांगितलं मी सगळ्यास्नी," आप्पा म्हणाले. "खोटं बोललो. मशीन नकली हाय म्हणून पोरं बोंबलली असती. आज बोलायचं हुतं, धीर झाला न्हाई."

आई आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ती लांबट, चौकटीची वही घेऊन बाहेर आली तेव्हा नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला. पान तिनं न चाचपडता उघडलं. वर कोपऱ्यात ‘नं. ४१२’, शेजारी ‘१७-५-९३’, खाली ‘मगर’. बत्तीस चौकटी आडव्या, अठ्ठावीस उभ्या. पेन्सिलीनं भरलेल्या, खोडलेल्या, परत भरलेल्या.

ते पान मला वाचायला शिकावं लागलं नाही. माझ्या लॅपटॉपवर सहा राऊंडांचे सहा तक्ते होते, ते अगदी असेच होते. मी इंजिनिअरिंग करून, तीन कंपन्या बदलून, अडीच वर्षं घासून जे शिकले होते, ते ही बाई भाकऱ्या झाल्यावर चुलीपुढं बसून पेन्सिलीनं करून मोकळी झाली होती. आणि तेवीस वर्षं गप्प बसली होती. मला रडू येत होतं आणि सगळ्या गल्लीला ओरडून सांगावंसंही वाटत होतं.

पण आधी एक काम होतं. मी उंबऱ्यापाशी गेले. "भरमूदादा, चुकले मी. तुम्हाला तसं बोलायला नको होतं."

भरमूनं मोकळ्या पायाच्या अंगठ्यानं दुसऱ्या पायातली चप्पल काढली. "असूं दे," म्हणाला. "च्या टाकायला सांग."

विलास मात्र विलासच. "थांबा थांबा. वही ह्याला दाखवायची न्हाई. आधी हिनं राऊंड भरू दे, मग ह्यानं खेळायचं. बिनउडी म्हणतोय ना?"

"बिनउडी," भरमू म्हणाला.

"चल मग बाहेर."

दोघं व्हॅनमध्ये जाऊन बसले, पहारेकरी आणि कैदी असल्यासारखे. मी लॅपटॉप घेतला आणि आईनं वही. "तीन भरीव, दोन मोकळ्या, एक मगर, चार मोकळ्या." ती एका सुरात सांगत गेली. खुंट्या ठोकणाऱ्याला सांगायची तसंच, प्रत्येक ओळ संपली की "पट्टी झाली" म्हणायची. माझा एकदा एक आकडा चुकला, तो तिनं स्क्रीन न बघता धरला. ओळीची बेरीज बत्तीस भरली नाही हे तिला माझ्या बोटांच्या आवाजावरून कळलं म्हणे. मी विश्वास ठेवला. तासाभरात अठ्ठावीस पट्ट्या झाल्या. कॅसेटची पाठ उघडून वायर जोडली आणि नवा सहावा राऊंड आत घातला.

भरमूला बोलावलं. विलासच्या हट्टानं या वेळी थेट सहावा नाही, पहिल्या राऊंडपासून सुरुवात. पाच राऊंड पार करायला त्याला पंधरा मिनिटं लागली. खोलीत भडंग चावल्याचा आवाजसुद्धा नव्हता. मग सहावा लागला.

भरमूनं नावाड्याला काठावर उभं केलं. पडद्यावर फळ्या नागमोडी पसरल्या होत्या, मध्ये मगरी, आणि पहिल्या नजरेला तरी हीसुद्धा खिंडारांनी भरलेली नदीच होती. आईचं पान मी स्वतः भरलं होतं, पण आकडे भरताना वाट दिसत नाही.

भरमू हसला. दुपारपासून पहिल्यांदाच. उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली असतं. त्यानं उजवा हात रिमोटवरून काढला आणि सगळ्यांना दिसेल असा शर्टाच्या खिशात घातला. नुसत्या डाव्या अंगठ्यानं तो निघाला. डावीकडं चार फळ्या, वर एक, उजवीकडं दोन. मगर जबडा उघडून आली तसा एक पाऊल मागं सरकला, परत पुढं. सतरा वर्षं न बघितलेल्या रस्त्यानं तो घरच्या गल्लीतून जावं तसा चालला होता. नावाडी पैलतीरावर पोचला, घागर खाली ठेवली. उडी एकही नाही.

कोणी शिट्टी वाजवली, कोणी भरमूच्या पाठीत धपका घातला. विलास म्हणाला, "परत." भरमूनं सगळा गेम दुसऱ्यांदा, वाढलेल्या वेगात खेळून सहावा पुन्हा पार केला. सहाव्यात उजवा हात परत खिशात. मग विलासनं मोबाइल काढला आणि ग्रुपवर लिहिलं, ‘भरमू खरा. मी गाढव.’ लिहून ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. माणूस खवचट असला तरी हिशेबाला चोख आहे.

"पण काकू," भरमू म्हणाला, "ही वाट कशी ऱ्हायली? मला वाटायचं मशीनची चूक हाय. कुणाला बोललो तर आप्पा दुरुस्त करतील म्हणून पयले दोन म्हयने मी तोंडच उघडलं न्हाई."

"चूक कसली?" आई म्हणाली. "काठाची रेघ हाय ती. ह्या टोकापासनं त्या टोकापतोर. रेघ मधीच तुटली की साडी परत येती. मला तुटका काठ काढायलाच येत न्हाई."

तिनं वही मिटली. तिला सवय नव्हती, एवढ्या माणसांपुढं बोलायची.

"दुपारी तू एकटा असायचास. मी पडद्याआडनं बघत हुतो. बाकी कोण चुकून पोचलं तर उड्या मारून मरायचं. तू एक दिवस थांबलास, बघितलंस आणि रेघंवरनं चालत गेलास. मी आत जाऊन ह्यास्नी सांगितलं, चौगुल्याच्या पोराला काठ दिसला म्हणून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तवर चारशे बारा डिझाईनं काढली हुती बाबा मी. नेसणाऱ्या बायका काठ बघतात का, कुणाला ठावं. ह्या एकाला बघताना मी डोळ्यानं बघितलं."

भरमू उठला आणि आईच्या पाया पडला. पडद्यावर सर्वांत जास्त गुणांचं पान उघडलं होतं आणि नावाची अक्षरं मागत होतं. त्यानं रिमोट आईच्या हातात दिला. "काकू, नाव घाला."

"डिझाईनवर नाव कुठं असतंय? नंबर असतोय."

"ह्याच्यावर असतं," मी म्हणाले, आणि तिचा अंगठा धरून एकेक अक्षर घालायला शिकवलं.

ती कॅसेट पुढं तेरा देशांत गेली. गेम सुरू होताना पहिल्या पानावर आईचं नाव येतं, ‘सहावा राऊंड : मालन हावळ, इचलकरंजी’. मूळचा सहावा राऊंडही आत आहे, ज्याला हवा त्यानं निवडून खेळावा. ‘तंतोतंत’चं स्टिकर मी त्याच संध्याकाळी नखानं खरवडून काढलं.

हेन्रिकना नवी कॅसेट पाठवली तेव्हा त्यांचं सविस्तर पत्र आलं. सहाव्या राऊंडची एकही चौकट मूळ गेमशी जुळत नाही, शिवाय या राऊंडात उडी न मारता पार जाता येतं, मूळ गेममध्ये ते शक्य नाही. ही चूक नजरेतून सुटली आहे का?

मी फोन लावून आईला पत्राचा मराठीत अर्थ सांगितला. ती डाळ निवडत होती, सुपाचा आवाज येत होता. तो थांबला.

"त्याला म्हणावं, चूक मूळवाल्याची हाय," आई म्हणाली. "काठ तुटलाय त्याचा."

मी तसंच्या तसं लिहून पाठवलं.